पाचही मुळं राजम्माची

"अक्का गेली," एवढंच नरसू म्हणाला. आणि लगेच, श्वास न घेता, "सकाळी थोडी शुद्धीवर होती. मासिक आलं का म्हणून विचारत होती. नाव छापलं का म्हणून..." दुपारची वेळ होती. मी आमच्या अडतीच्या दुकानात ज्वारीच्या पोत्यावर बसून भुईमुगाच्या शेंगा फोडत होतो. नरसू अनवाणी आला होता, एवढ्या उन्हात. मी म्हटलं, "न्हाय आलं अजून." तिच्या जाण्याबद्दल मी काहीच बोललो नाही, मासिकाबद्दल बोललो. आता सहा आठवडे झाले, तरी स्वतःचा राग येतो. पण खरं सांगू का, तिलाही तेच उत्तर आधी हवं होतं.

तर सांगतो कोण ती. राजम्मा, माझ्या वर्गातल्या नरसूची थोरली बहीण. वय सव्वीस. लग्न लहानपणीच झालेलं, नवरा मुंबईला गिरणीत म्हणून गेला तो गेलाच, आणि ही परत बापाच्या घरी. घर तेलुगू विणकरांचं, सोलापूरच्या पूर्व भागातल्या एका बोळात. घरात दोन माग, बाप आणि काका बसायचे मागावर, आई आणि राजम्माअक्का ताणा करायच्या, कांड्या म्हणजे सुताच्या नळ्या भरायच्या. ताणा म्हणजे लुगड्याचे उभे धागे. ते एकेक मोजून लावावे लागतात, आणि एक जरी कमी पडला तरी कापडात वरपासून खालपर्यंत रेघ दिसते. अक्काला तेलुगू अक्षरं मोजकी यायची, मराठी वाचता येत नव्हतं, पण आकडे... आकडे तिच्या बोटांत होते. शेकडो धागे मोजताना ती शेजारणीशी भांडायची, हसायची, मधेच पाणी पिऊन यायची, आणि मोजणी चुकायची नाही. हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

मी त्यांच्याकडे जायचो ते अभ्यासाला. आमच्या घरात कानडी, मराठी आणि गिऱ्हाइकांची ओरड एवढं सगळं एकदम चालायचं, तिथं बीजगणित कसलं होतंय! नरसूकडे मागाचा खटखटाट असायचा, पण तो एकसारखा, त्यात डोकं चालायचं. नरसूला पाठ करायची सवय. मोठ्यांदा. पुस्तकातलं वाक्य तो दहा-दहा वेळा म्हणायचा, "समीकरणाचा जितका घात तितकी त्याची मुळे, समीकरणाचा जितका घात तितकी त्याची मुळे..." अक्का चरख्यावर कांडी भरत ऐकायची. आम्हाला वाटायचं, ती कुठं ऐकतेय.

एक दिवस आम्ही एक घन समीकरण सोडवत होतो. क्षचा घन, उणे तीन क्ष, अधिक दोन, बरोबर शून्य. क्षच्या जागी कुठला आकडा ठेवला की सगळं मिळून शून्य होतं, तो आकडा म्हणजे मूळ. आम्ही एक ठेवून पाहिला, जमलं. उणे दोन ठेवून पाहिला, जमलं. नरसूनं पाटीवर उत्तर लिहिलं, एक आणि उणे दोन, खाली दोन रेघा मारल्या आणि म्हणाला, झालं.

चरखा थांबला. "काय झालं? घन म्हणजे तिसरा घात ना? मग तिसरं कुटं हाय?"

नरसू म्हणाला, "अक्का, एक हेच मूळ दोनदा येतंय. पण ते एकच धरायचं."

"का?"

"का म्हणजे? तोच आकडा हाय की."

अक्कानं हात पुसले, उठली, आणि मागावरच्या फणीजवळ गेली. फणी म्हणजे मोठ्या कंगव्यासारखी असते, तिच्या फटींतून ताण्याचे धागे ओवलेले असतात. त्या फटींना ते घर म्हणतात. "हितं बघ," ती म्हणाली. "ह्या एका घरात धागे किती?"

"दोन."

"घर एक हाय म्हणून मी एकच धागा मोजला, तर नाना मला काय करतील?"

नाना म्हणजे त्यांचा बाप. मागावरून मान न वळवता तो म्हणाला, "हाकलून देईन."

"मग? एका जागी दोन बसले म्हणून एकाला हाकलता व्हय? तुमी दोघं शाळेत जाता का शाळेच्या मागं?"

त्या दिवशी आम्ही तिला हसलो. दुसऱ्या दिवशी मी पुस्तकात पुढचं पान वाचलं आणि पळत गेलो. कारण पुस्तकात लिहिलं होतं की सगळी मुळं मिळवली की बेरीज दुसऱ्या पदाच्या अंकाइतकी येते, फक्त चिन्ह उलटं. आमच्या समीकरणात क्षचा वर्ग नव्हताच, म्हणजे बेरीज शून्य यायला हवी. एक आणि उणे दोन मिळवा, उणे एक येतं, चुकलं! पण एक दोनदा धरा, एक, एक आणि उणे दोन... शून्य. मी हे तिला सांगितलं तेव्हा ती जी हसली ना! "म्हंजे ताण्याची मोजणी लिहून ठेवलीय की त्यानं! धागे हरवले का न्हाय ते हितंच कळतंय! आणि तुमी वाचत न्हाय!"

त्यानंतर ती सुटलीच. एक मूळ सापडलं की त्यानं समीकरणाला भागायचं, म्हणजे घात एकानं खाली येतो, उरलेल्यात पुन्हा शोधायचं, हे तिनं दोन दिवसांत उचललं. भागाकार ती नुसत्या अंकांचा मांडायची, क्ष लिहायचीच नाही. "त्याचं काय काम? त्याची जागा ठावकी हाय की." आणि मग आली ती भानगडीची मुळं, ज्यांत उणे एकचं वर्गमूळ लागतं. कुठल्याच आकड्याचा वर्ग उणे येत नाही, म्हणून आमचे मास्तर सांगायचे, तिथं 'मुळे अशक्य' असं लिहायचं आणि पुढच्या प्रश्नाला लागायचं. परीक्षेत तेवढंच लागतं. मी अक्काला तसंच सांगितलं. ती परत चरख्यावर बसली. पाचव्या दिवशी मला दारातच म्हणाली, "शिवू, ती जोडीनं येतात."

"कोण?"

"तुझी अशक्य. एकात जेवढं अधिक, दुसऱ्यात तेवढंच उणे. दोघांना मिळवलं की ते नसलेलं जातं, असलेलं उरतं. मोजणी जुळते. त्यांना टाकलं की मोजणी जुळत न्हाय. मग नसलेली कोण, ती का तुझे मास्तर?"

हे पुस्तकात आहे हो! कोणी म्हणेल, यात नवं काय, मोठ्या पुस्तकात सगळं आहे. असेल. पण ते पुस्तक तिला कोणी दाखवलं होतं? तिला एक वाक्य ऐकू आलं होतं, भाऊ पाठ करत असताना, आणि तिनं ते खरं मानलं. आम्ही ते वाक्य रोज म्हणायचो आणि खरं मानत नव्हतो. एवढाच फरक. मला तो लई मोठा वाटतो.

पुण्याहून एक मासिक येतं, नाव घेत नाही, त्यात शेवटच्या पानावर गणिताचं कोडं असतं. गेल्या साली त्यांनी पाचव्या घाताचं समीकरण दिलं, सगळी मुळे काढा, बरोबर उत्तराला पुस्तक बक्षीस आणि अंकात नाव. मी ते अक्काला वाचून दाखवलं. क्षचा पाचवा घात, उणे चार क्षचा चौथा, अधिक दोन घन, अधिक चौदा वर्ग, उणे तेवीस क्ष, अधिक दहा. मी आणि नरसूनं एक आणि उणे दोन काढले आणि अडकलो. ती म्हणाली, बेरीज चार यायला हवी, तुमची उणे एक होतेय, पाच कुटं सांडले? एकनं तिनं पुन्हा भागून बघितलं, परत गेला, म्हणजे एक दोनदा. आता उरलेल्या दोघांची बेरीज चार आणि गुणाकार पाच. दोन्हींत दोन, एकात उणे एकचं वर्गमूळ मिळवलेलं, एकात वजा केलेलं. पाची मुळं! पाटी माझ्याकडे ढकलली आणि म्हणाली, "लिही. आणि शिवू, माझं नाव टाक."

"नाव काय टाकू? नवऱ्याचं आडनाव का नानांचं?"

"त्यानं काढली का? नानांनी काढली का? राजम्मा. सोलापूर. बास."

मी लिहिलं. पण मी स्वतःला लई शहाणा समजतो ना... पाकिटावर पत्ता लिहिताना वाटलं, तिच्या बोळात पत्र पोचतंय न पोचतंय, म्हणून खाली आमच्या दुकानाचा पत्ता टाकला आणि 'मार्फत' म्हणून माझं नाव. तेवढंच. अजून मला तो शब्द लिहिलेला हात दिसतो.

पंधरा दिवसांनी कार्ड आलं. उत्तर अचूक आहे, तथापि टोपणनावाने उत्तरे छापत नाही, सोडविणाऱ्याचे खरे नाव कळवावे. मी वाचून दाखवलं तर अक्का हसली. "टोपणनाव? माझ्या आईनं ठेवलंय की!" मी उलट लिहिलं, बाई आहे, विणकर घरातली आहे, हे तिचंच नाव. त्यावर दुसरं कार्ड, मग तिच्या शिक्षकांचा दाखला जोडावा. आता ही काय शाळेत गेली होती? पण मी म्हटलं, आपले मास्तर देतील की, आणून दाखवू त्यांना.

मास्तर आले. रविवारी सकाळी, डोक्यावर रुमाल, हातात तपकिरीची डबी. अख्खा बोळ जमला. समोरची म्हातारी ओरडली, "राजम्मा, मुलगी बघायला आले का गं?" अक्का दारातूनच म्हणाली, "व्हय, पण पसंत मी करणार हाय!" लोक हसले, मास्तरही थोडे हसले, मग खाटेवर बसले आणि चेहरा परीक्षेचा केला. त्यांनी पाटीवर लिहिलं, क्षचा चौथा घात अधिक चार बरोबर शून्य. अर्ध्या मिनिटाचा विचार केला तरी कळतं, चौथा घात उणे होतच नाही, त्यात चार मिळवल्यावर शून्य कसं होणार? 'मुळे अशक्य' लिहायचं आणि सुटायचं. मास्तरांना तेच हवं होतं. ते म्हणाले, "सोडवा बाई."

अक्का पाटीकडे बघत राहिली. नानांनी माग थांबवला. मग ती मोठ्यांदा बोलायला लागली, मास्तरांशी न्हाय, पाटीशी. "चौथा घात. चार पाहिजेत. घनाचं पद न्हाय, म्हंजे बेरीज शून्य. मग एका जोडीची बेरीज जेवढी अधिक, दुसरीची तेवढीच उणे..." तिनं त्या चौथ्या घाताची दोन वर्गसमीकरणं केली, एकात दोन क्ष अधिक, दुसऱ्यात दोन क्ष उणे, दोन्हींत शेवटी दोन. गुणून बघितलं, मधलं सगळं उडालं, परत तेच समीकरण आलं. मग प्रत्येकातून दोन-दोन मुळं काढली. चार. सगळी मास्तरांच्या भाषेत अशक्य. तिनं चारही मिळवली, शून्य आलं. पाटी वळवून मास्तरांसमोर ठेवली.

मास्तरांनी बराच वेळ तपासलं. तपकीर ओढली. मग म्हणाले, "बरोबर आहे."

"मग दाखला?" मी म्हटलं.

"दाखला कसा देणार रे? त्या माझ्या विद्यार्थिनी नाहीत. हजेरीत नाव नाही."

अक्का म्हणाली, "मास्तर, मुळं बरोबर हायत ना?"

"आहेत."

"ती तुमच्या हजेरीत हायत का?"

मास्तर उठले. चहा अर्धा तसाच. वाईट माणूस नाहीत ते, मला अजून शिकवतात, नीट शिकवतात. पण त्या दिवशी त्यांनी एक ओळ लिहून दिली असती तर काय शाळा पडली असती? मी हे छापून येणार हे माहीत असून लिहितोय. वाचू देत.

त्या संध्याकाळी अक्कानं मला तिसरं पत्र लिहायला लावलं. शब्द तिचे, अक्षर माझं. "दाखला मिळत नाही. या आणि समोर बसून बघा. कुठलंही समीकरण आणा. चहा देऊ. राजम्मा, सोलापूर." मी म्हटलं, अक्का, असं कोणी संपादकाला लिहितं का? ती म्हणाली, "मी लिहिते की."

त्या पत्राला उत्तर आलं नाही. मग तिला ताप आला. विषमज्वर, अकरा दिवस. मी रोज जायचो, ती रोज एकच विचारायची. तापात ती धागे मोजायची तेलुगूत, मधेच थांबायची, परत पहिल्यापासून. आठव्या दिवशी मला म्हणाली, "खोटं तरी सांग की, छापलं म्हणून." मी नाही सांगितलं. म्हटलं, खरं येईल तेव्हाच सांगीन. ती म्हणाली, "बरं केलंस. मोजणी खोटी नको..." आणि तोंड भिंतीकडे केलं.

ती गेल्यावर तेरा दिवसांनी मासिक आलं. शेवटच्या पानावर, काळ्या ठळक अक्षरांत, पाचही मुळं, एकसुद्धा न गाळता. आणि खाली, अचूक उत्तर पाठविणारे, सोलापूर येथील... माझं नाव. पूर्ण. आडनावासकट. 'मार्फत' हा शब्द तेवढा गाळलेला. खोटं कशाला बोलू, वाचल्यावर पहिल्यांदा माझी छाती फुगली. एक क्षणभर. आणि तोवर आप्पांनी, माझ्या वडिलांनी, शेजारच्या दुकानदाराकडून अंक वाचून घेतला होता, आणि अडतीत सगळ्यांना पेढे वाटायला सुरुवात केली होती. "आमच्या पोराचं नाव पुण्याच्या मासिकात!" मी पेढ्यांचं ताट त्यांच्या हातातून ओढलं. सगळ्यांसमोर. आप्पा म्हणाले, "यप्पा, वेड लागलं का तुला?" मी म्हटलं, हे दुसऱ्याचं आहे. ते म्हणाले, "ती गेली रे बाळा. आता तिला काय त्याचं?"

हेच! हेच मला सगळे सांगतायत. गेली ती, आता काय. हुशार होती हो, बाईमाणूस असून. देवाला आवडली. मी विचारतो, देवाला आवडली म्हणून आम्ही तिला एका ओळीतून पुसायचं? दोन मुळं सापडली की खाली दोन रेघा मारायच्या आणि झालं म्हणायचं, तीच सवय माणसांच्या बाबतीत पण? मी संपादकांना लिहिलं, चूक दुरुस्त करा. उत्तर आलं, पुढील अंकी स्थलाभाव आहे. एका नावाला, मंडळी. पाच मुळांना जागा होती, माझ्या आडनावाला जागा होती.

मग बक्षिसाचं पुस्तक आलं. जाड, कापडी बांधणीचं, बीजगणिताचंच. पहिल्या पानावर शाईनं सुंदर अक्षरात माझं नाव लिहिलेलं. मी ते घेऊन अक्काच्या आईकडे गेलो. मला वाटलं, द्यावं त्यांना, त्यांचंच आहे. अम्मा ताणा करत होती, आता एकटीच. हात पुसून तिनं पुस्तक मांडीवर घेतलं, पानं उलटली, वर्तुळं, रेघा, आकडे बघितले. आकड्यांवर ती थांबायची. मग पहिल्या पानावर आली आणि शाईच्या नावावर बोट ठेवलं. तिला मराठी फार येत नाही. "राजम्मा?" तिनं विचारलं.

मी म्हटलं, "न्हाय अम्मा. माझं नाव हाय ते."

तिनं सगळं पान बोटानं चाचपलं, वर, खाली, कोपऱ्यात. "राजम्मा कुटं हाय?"

नरसू दारात उभा होता. अम्मानं पुस्तक मिटलं, पदरानं पुसलं आणि माझ्या हातात दिलं. "मग आमचं न्हाय ह्ये. घेऊन जा."

पुस्तक मी पुण्याला परत पाठवलंय, नावावर काट मारून. आणि हा लेख लिहिला. या रविवारच्या पुरवणीच्या संपादकांना एकच अट घातली आहे, बाकी काय हवं ते कापा. रविवारी अंक आला की मी तो घेऊन त्या बोळात जाणार आहे. अम्माला वाचता येत नाही, म्हणून तिनं शोधत बसू नये, बोट सरळ ठेवता यावं, यासाठी नाव शेवटी, वेगळ्या ओळीत, ठळक टाइपात छापायला सांगितलंय. शेजारी दुसऱ्या कोणाचं नाव नको. माझंसुद्धा.

राजम्मा, सोलापूर.